उजवा रविवार

"इथलं रोप कुणी काढलं?"

नानांनी विचारलं, आणि खरं म्हणजे विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांच्या परसात त्या वेळी मी एकटीच उभी होते. पदर खोचलेला, हातात खुरपं, कोपरापर्यंत माती आणि पायाशी उपटलेल्या गवताचा हा एवढा ढीग.

"कुठलं रोप, नाना?"

"धुण्याच्या दगडाजवळचं. दोन विटा होत्या बघ, त्यांच्या मधलं."

विटा मला आठवत होत्या. वाटेत पडल्यात म्हणून मीच त्या उचलून भिंतीकडेला रचून ठेवल्या होत्या आणि स्वतःच्या टापटिपीवर खूशही झाले होते. विटांच्या मध्ये जे होतं तेही आठवत होतं. फूटभर उंचीचा भुईआवळा. तसला भुईआवळा त्या परसात आणखी पाच-पन्नास ठिकाणी उगवलेला होता आणि तो सगळा मी उपटून ढिगावर फेकला होता.

"ते होय?" मी म्हणाले. "ते मीच काढलं. ते तर..."

"वेणूनं लावलेला आवळा होता तो," नाना म्हणाले.

हातातलं खुरपं मी खाली ठेवलं.

त्याला आता अडतीस वर्षं होऊन गेली. गडहिंग्लजच्या शिक्षक कॉलनीत मी वैशाखात लग्न होऊन आले होते आणि हा माझा तिथला पहिलाच 'उजवा रविवार' होता. हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉलनीत घरं अकरा, मध्ये मोकळं मैदान आणि त्याच्या भोवतीनं ती गोल बसलेली. पावसाळाभर सगळ्यांच्या आवारात रान माजायचं. गाजरगवत, टाकळा, आघाडा, काही विचारू नका. कोजागिरी झाली की पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून सफाई करायची, पण आपापल्या आवाराची नाही. आपल्या उजव्या हाताला ज्यांचं घर असेल त्यांचं आवार आपण साफ करायचं. कॉलनी वसवली त्या पहिल्या हेडमास्तरांनी हा नियम घालून दिला होता. त्यांचं म्हणणं असं की स्वतःच्या दारातलं गवत माणसाला दिसेनासं होतं, शेजाऱ्याच्या दारातलं मात्र चटकन दिसतं, तर ह्या गुणाचा काहीतरी उपयोग करून घ्यावा. दुसरा नियम, आपलं आवार साफ होत असताना मालकानं तिथं फिरकायचं नाही. म्हणजे सूचना बंद.

मला हे सगळं फारच आवडलं होतं. पाऊस उघडला होता, आभाळ निळंभोर झालं होतं, कुंपणावर गोकर्ण चढला होता आणि ओली माती उन्हात तापली की येतो तो वास सगळीकडं भरून राहिला होता. अख्खी कॉलनी खुरपी-कोयते घेऊन एकमेकांच्या घरात शिरलेली. आमचे मुख्याध्यापक सरनाईक. त्यांच्या पत्नीला, सरनाईकवहिनींना, शेजारच्या परसात स्वतःचीच दोन वर्षांपूर्वी हरवलेली कळशी सापडली होती आणि त्यावरून सकाळपासून नुसता हशा चालला होता.

आमच्या उजव्या हाताला नेसरीकर सरांचं घर होतं. हायस्कूलचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. वेणूकाकू त्यांच्या पत्नी. त्या माघात अचानक गेल्या, म्हणजे मी यायच्या आधीच. मी त्यांना बघितलंसुद्धा नव्हतं. आणि आता काम उरकत आलं म्हणून नाना परसात आले होते, आणि काकूंच्या हातचं रोप उपटून मी त्यांच्यापुढं उभी होते.

नाना ओरडले नाहीत. ढिगाजवळ उकिडवे बसले, दोन-चार जुड्या उलटसुलट केल्या आणि सोडून दिल्या. तोवर शेजारच्या आवारातून माणसं गोळा झाली. सरनाईकवहिनींनी कळशी खाली ठेवली.

"काय झालं?"

कुणीतरी सांगितलं. वहिनींचा हात कपाळाला गेला.

"अगं बाई! कुंदा, काय केलंस हे? विचारायचं तरी!"

"विचारणार कुणाला? मालकानं इथं थांबायचं नाही हा तुमचाच नियम आहे," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझं तोंड मुळातच सैल. माहेरी चंदगडकडं वडील काविळीचं औषध द्यायचे आणि ते औषध म्हणजे हाच भुईआवळा. लहानपणी पोती पोती भरून मी तो आणलेला आहे. आवळ्याचं कोवळं रोप आणि भुईआवळा पानांवरून सारखेच दिसतात हे खरं, पण भुईआवळ्याचं पान उलटून बघितलं की खाली ओळीनं मोहरीएवढी फळं लागलेली असतात. आवळ्याच्या झाडाला फळ यायला वर्षं जातात. ह्यात चुकणं मला झोपेतसुद्धा शक्य नव्हतं. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात सासूबाईंनी मागून माझा दंड धरला.

"माफी माग," त्या हळूच म्हणाल्या.

"अहो, पण..."

"आधी माफी माग."

मागितली. नाना उठले. आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी मैदानात कांदाभजी झाली, चहा झाला, पण सगळ्यांनी हळू आवाजात खाल्ली. मी तर खाल्लीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या मी कॉलनीच्या खतखड्ड्याशी गेले आणि ते रोप शोधून काढलं. लगेच ओळखू आलं. रोज पाणी मिळाल्यानं इतरांपेक्षा चांगलं पोसलेलं होतं. घरी आणून ह्यांच्या पुढ्यात धरलं आणि पान उलटून दाखवलं.

"हे बघा. फळं."

हे गणिताचे शिक्षक. चष्मा वर करून त्यांनी पानं बघितली, मग म्हणाले, "मग झालं तर. नेऊन दाखव. दोन मिनिटांत सिद्ध होतंय."

रोप ओच्यात घालून मी नानांकडं गेले. मला त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला स्वतःची सुटका हवी होती. लग्न होऊन सहा महिने झालेले. कॉलनीत मी नवी. 'मेलेल्या बाईचं रोप उपटणारी सून' हे नाव एकदा चिकटलं की जन्मभर निघायचं नाही, हे मला चांगलं कळत होतं.

नाना पडवीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर चित्रांची वही.

"ये," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

"नाना, त्या रोपाबद्दल बोलायचं होतं."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. "श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दिसलं. एवढंसं होतं. तेव्हापासून रोज सकाळी पाणी घालायचं, वेणूशी बोलायचं तसं दोन शब्द बोलायचं आणि एक चित्र काढायचं ठरवलं. एक दिवस चुकवला नाही."

मी पानं उलटली. खाली कोपऱ्यात तारीख, आणि प्रत्येक पानावर पेन्सिलनं काढलेलं तेच रोप. आधी दोन दलं, मग एक डहाळी, मग चार. कुठं किड्यानं खाल्लेलं पान, कुठं पावसानं वाकलेला शेंडा. हे मला नेहमी सांगायचे की वर्गात नाना पोरांना एकच मंत्र द्यायचे, जे दिसतंय ते काढा, जे ठाऊक आहे ते काढू नका. इथं त्यांनी स्वतः अगदी तसंच केलं होतं. शेवटच्या महिनाभराच्या चित्रांत प्रत्येक पानाखाली बारीक बारीक टिंबं होती. ओळीनं, मोजून काढलेली. डोळ्यांना दिसलेला एकूणएक दाणा त्यांनी कागदावर उतरवला होता आणि तो कशाचा आहे ह्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"दर कार्तिकात कॉलनी टेम्पोनं मळ्यात आवळ्याखाली जेवायला जाते ना, त्या मागच्या आवळीभोजनाहून वेणूनं पाच आवळे आणले," नाना सांगत होते. "बिया काढल्या, वाळवल्या आणि त्या दगडाजवळ पुरल्या. म्हणाली, म्हातारपणी टेम्पोतनं हाडं खिळखिळी करून घ्यायला नकोत, आपल्याच दारात आवळ्याखाली जेवू. मी हसलो. म्हटलं, तोवर आपण असू का? माघात ती गेली."

मी उभीच होते. ओच्यातलं रोप पोटाला टोचत होतं.

"आमचा मुलगा अरविंद पुण्याला चला म्हणून मागं लागला होता. घर विकून टाकू म्हणाला. मीही हो म्हटलं होतं. इथं राहून करायचं काय? मग हे उगवलं. मी त्याला कळवून टाकलं, येत नाही. तुझी आई इथं दारात उगवलीय, तिला टाकून मी कुठं येऊ?"

"आणि आता?"

"आता काय. काल रात्री पत्र लिहिलं. दिवाळीला ये म्हटलं, आणि घेऊन जा मला."

मी काय करायला आले होते ते मला ठाऊक होतं. ओच्यातून रोप काढायचं, पान उलटायचं आणि म्हणायचं, नाना, हे गवत आहे. मी सुटले असते. आणि काकू उगवल्या नव्हत्या, ह्या माणसानं तीन महिने रोज सकाळी गवताला पाणी घातलं, गवताची चित्रं काढली आणि तो गवताशी बोलला, हे त्यांना माझ्या तोंडून कळलं असतं. त्यानं काही ते राहणार नव्हते. जाणार ते जाणारच होते, वर आणखी लाजून जाणार.

"माझी चूक झाली, नाना," मी म्हणाले.

"चूक झाली म्हटल्यानं उगवतं का परत?" ते म्हणाले आणि वही मिटली. "जा तू."

घरी आले आणि ते रोप मी पाणी तापवायच्या बंबात घातलं. हे दाढी करत होते.

"दाखवलंस?"

"नाही."

"का?"

"ते म्हणाले, काकू उगवल्यात. मी काय म्हणू त्यांना? काकू नव्हत्या, गवत होतं म्हणून सांगू?"

ह्यांनी वस्तरा खाली ठेवला. "मग मी सांगतो सगळ्यांना. नानांना वगळून."

"अकरा घरांत एक गोष्ट सांगायची आणि एका माणसाला कळू द्यायची नाही? गणित शिकवता ना तुम्ही?" मी म्हणाले. "कुणालाच नाही सांगायचं. सासूबाईंनासुद्धा नाही. माझी शपथ आहे."

शपथ घालायला काय जातं, पण पाळताना जीव मेटाकुटीला आला. पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या. दिवाळीच्या चकल्या सगळ्याजणी सरनाईकवहिनींच्या ओट्यावर मिळून करायच्या, तिथं मी सोऱ्या हातात घेतला तर वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जरा जपून गं बाई, तुझ्या हाताला उपटायची सवय." सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या हातातली चकली पाच वेढ्यांऐवजी नऊ वेढ्यांची झाली, इतका राग आला होता. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "ऐकून घ्यायचं. चूक आपली आहे." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि ऐकून घेतलं.

नानांकडं त्या वर्षी दिवाळी नव्हती. घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं, म्हणून रिवाजाप्रमाणं दहाही घरांतून त्यांच्याकडं फराळाची ताटं गेली. आमचं ताट मीच नेऊन दारात ठेवलं. संध्याकाळी अरविंद ते परत घेऊन आला. तो पुण्याहून दोन दिवसांपूर्वीच आला होता. ताटावरचा रुमालसुद्धा हललेला नव्हता.

"वहिनी, राग मानू नका," तो ओशाळून म्हणाला. "नाना ऐकेनात. बाकी सगळ्यांचं घेतलं त्यांनी."

"राग कसला?" मी म्हणाले आणि ताट ओट्यावर आपटलं. दोन करंज्या फुटल्या.

"घराचं काय ठरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक आहे. येत्या सोमवारी बोलणी पक्की करायला येतोय. रविवारचं आवळीभोजन झालं की सामान बांधायला घेऊ. नाना त्यालासुद्धा नको म्हणत होते, पण सरनाईक सर म्हणाले, शेवटचं तरी चला."

तो रविवार उजाडला. तुम्हांला सांगते, मन कितीही खट्टू असो, कार्तिकातल्या सकाळी टेम्पोच्या मागच्या बाजूला उभं राहून सामानगडाच्या वाटेला लागलं की माणूस आपोआप सैल होतं. पहाटेचं धुकं नुकतं विरलेलं. दोन्ही बाजूंनी भातं पिवळी पडून कापायला आलेली, उसाला तुरे फुटलेले. पोरं गाण्याच्या भेंड्या लावून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. पातेली एकमेकांवर आपटत होती. नाना पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, मांडीवर शबनम पिशवी घेऊन. मला त्यांची फक्त टोपी दिसत होती.

बाबू खोताच्या मळ्यात विहिरीशेजारी तो आवळा होता. जुना, पसरलेला, फांद्या पार डोक्याला लागतील इतक्या खाली आलेल्या आणि फळांनी लगडलेल्या.

"या, या!" बाबू खोत विहिरीवरूनच ओरडला. "झाडाखाली सारवून ठेवलंया. चूल बी मांडलीया. वांगी माझ्या रानातली घ्या, बाजारातली नगो."

मग काय विचारता! कुणी वांगी भाजतंय, कुणी भाकरी थापतंय, कुणी पोरांना विहिरीपासून लांब हाकलतंय. बायकांनी बुंध्याला सुताचे फेरे घातले, दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं. मीही फेरे घातले. आवळ्याच्या बुंध्याला हात लावला तेव्हा मनात म्हणाले, काकू, तुम्ही असता तर हे सगळं झालंच नसतं.

पहिली पंगत वडीलधाऱ्यांची बसली. पत्रावळी मांडल्या. मीठ, लिंबू, आवळ्याचं लोणचं वाढून झालं. माझ्याकडं भरिताचं पातेलं आलं होतं. मी ओळीनं वाढत चालले. सरनाईक सर, बाबू खोत, त्यांच्या पलीकडं नाना, नानांच्या शेजारी अरविंद. मी वाकले आणि डाव पुढं केला.

नानांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

नको असलं की माणसं असा हात धरतात, त्यात वावगं काही नाही. पण तो हात कशासाठी होता ते पंगतीतल्या प्रत्येकाला कळलं. अरविंदनं मान खाली घातली. सरनाईकवहिनी पुढं येऊन माझ्या हातातला डाव घेऊ लागल्या. "दे, मी वाढते." मी पातेलं खाली ठेवलं, टेम्पोच्या मागं गेले आणि चाकाला टेकून पोटभर रडले. तीन आठवड्यांचं साठलेलं होतं. मनात आलं, आत्ता जावं आणि पंगतीच्या मधोमध उभं राहून सगळं ओरडून सांगावं. जातात तर जाऊ देत पुण्याला!

डोळे पुसून मी खरंच निघाले होते. टेम्पोच्या कोपऱ्यावरून वळले आणि थांबले.

नाना पंगतीतून उठले होते. असं भरल्या पंगतीतून कुणी उठत नाही. सगळे वाढप सोडून बघत राहिले होते. पंगतीवर आलेली एक खालची फांदी नानांनी हातात धरली होती. ते एक डहाळी उलटून बघत होते. दुसरी उलटली. तिसरी उलटली. मग फांदीला चिकटलेल्या आवळ्यांकडं बघितलं, बोटानं चाचपून. मग पुन्हा पानांची खालची बाजू. ती कोरी होती.

"नाना, काय शोधताय?" अरविंदनं विचारलं.

त्यांनी झाडाला टांगलेल्या शबनममधून वही काढली. उभ्या उभ्या पानं चाळली. एका पानावर थांबले. वही फांदीच्या बाजूला धरली. ह्या माणसानं चाळीस वर्षं पोरांना बघायला शिकवलं होतं. आता तो स्वतः बघत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता.

"कुंदा," त्यांनी हाक मारली. "इकडं ये."

मी गेले. त्यांनी एका टिंबावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी पदराचं टोक चाचपू लागले.

"मी मास्तर आहे. खोटं मला पटकन कळतं. सांग."

"फळं आहेत, नाना. भुईआवळ्याची."

"तुला हे कधी कळलं?"

"उपटतानाच."

"दुसऱ्या दिवशी सकाळी तू आली होतीस. ओच्यात काहीतरी होतं तुझ्या."

"तेच होतं."

"मग दाखवलं का नाहीस?"

काय सांगणार होते? खरं तेच सांगितलं. "दाखवायलाच आले होते. पण तुम्ही म्हणालात, काकू उगवल्यात. मग मला दाखवता येईना. आत्तासुद्धा रागानं सांगायला निघाले होते, नाना. तुम्ही हाक मारली नसती तर सांगितलंच असतं."

नानांनी वही मिटून छातीशी धरली. मला वाटलं आता हा माणूस इथंच कोसळतो. मी त्यांचा हात धरायला पुढं झाले.

"म्हणजे ती नव्हती," ते म्हणाले.

"नाही, नाना."

"गवताशी बोलत होतो मी."

"हो."

आणि नाना हसले. आधी नुसता नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. हसणं किती आणि रडणं किती ते कळत नव्हतं. "वेणू असती तर," ते म्हणाले, "वेणू असती तर जमिनीवर लोळून हसली असती. चाळीस वर्षं म्हणायची, तुम्हांला परसात एकटं सोडायची सोय नाही. कोथिंबीर आणायला पाठवलं तर गाजरगवत खुडून आणाल. तीन महिने! तीन महिने रोज चित्र काढलं मी त्याचं!"

अरविंद उठून आला होता. आई गेल्यापासून बापाला हसताना तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं नानांची टोपी सरळ केली.

नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पंगतीकडं वळले. वर्गात बोलायचे तो आवाज त्यांनी काढला.

"मंडळी, एक सांगायचंय. कुंदानं माझ्या परसातून उपटलं ते गवत होतं. साधा भुईआवळा. तिला तेव्हाच ठाऊक होतं. मला वाईट वाटू नये म्हणून तीन आठवडे ही पोरगी तुमची बोलणी खात राहिली. मी तर तिचं दिवाळीचं ताट परत पाठवलं. दारात वेणू उगवली म्हणून मी इथं राहणार होतो आणि ती उपटली म्हणून निघालो होतो. शेजारी कोण राहतंय तिकडं मी बघितलंच नाही. मास्तर चुकला."

चुलीवरचं पाणी तेवढं उकळत होतं.

"अगं बाई," सरनाईकवहिनी शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा अगदी पडला होता. "आणि मी हिला काय काय बोलले! सांगायचं नाही होय गं?"

"वीस-बावीस दिवस हिनं तोंड मिटून ठेवलं!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता, पण त्या काही कमी नव्हत्या. "घरी एक तास ठेवत नाही." मग माझ्याजवळ येऊन त्यांनी स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं, जोरात, लहान पोराचं पुसतात तसं. "मला तरी सांगायचंस, कुंदे."

मी पुन्हा रडायला लागले. सगळेच एकदम बोलायला लागले.

"बसा बसा," बाबू खोत ओरडला. "भाकऱ्या गार हुयाला लागल्या!"

पंगत पुन्हा बसली. श्लोक म्हणून झाला. सरनाईकवहिनींनी भरिताचं पातेलं आणून माझ्या हातात दिलं आणि मला पुढं ढकललं. मी नानांसमोर वाकले.

"थोडं वाढू?" मी विचारलं.

"थोडं कशाला? चांगलं वाढ."

मी वाढलं. त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, भरीत लावून घेतलं, आवळ्याचं लोणचं लावलं आणि खाल्लं. मग दुसरा. शेजारी अरविंद हातातला घास तसाच धरून बसला होता.

"नाना," तो हळूच म्हणाला, "मग उद्या त्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

नानांनी तोंडातला घास नीट चावून गिळला. ताकाचा घोट घेतला.

"सांग, घर विकायचं नाही. आणि तू जेव. आवळ्याखाली बसून असं उपाशी बघत राहू नये."

"अगं कुंदा, पुढं सरक," मागून सरनाईकवहिनी ओरडल्या, "पंगत खोळंबलीय!"

मी काही सरकले नाही. पातेलं कमरेवर घेऊन तिथंच उभी राहिले आणि नानांची पत्रावळ रिकामी व्हायची वाट बघत राहिले.